भाच्यानं आणलेला एस३०व्ही चाकू: आठ महिने वापरून

भाच्यानं अमेरिकेतनं येताना घडीचा चाकू आणला, पातं एस३०व्ही स्टीलचं. किंमत दहा हजाराच्या आसपास. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढं जे झालं त्यात निम्मी चूक आमचीच हाय.

शहापूरला आमचं हार्डवेअरचं दुकान. दिवसभर खोकी फोडायची, सुतळी कापायची, टाइल्सच्या बॉक्सवरच्या प्लास्टिक पट्ट्या तोडायच्या. पुठ्ठा धार किती खातो ते ज्यानं रोज कापलाय त्यालाच ठाऊक, साधा चाकू आमच्याकडं चार दिवसांत बोथट. ह्यानं दीड महिना काढला, खरंच, आणि ते पण ऐन पावसाळ्यात, घरातला कोयता एका रात्रीत तांबडा होतोय आणि ह्याच्यावर गंजाचा ठिपका नाही. ह्या स्टीलात १४ टक्के क्रोमियम, त्यानं गंज धरत नाही, आणि ४ टक्के व्हॅनेडियम हा दुसरा धातू. अमेरिकेतल्या क्रुसिबल कंपनीनं २००१ मध्ये काढलेलं हे स्टील, वितळलेल्या स्टीलची आधी पावडर करतात मग गरम दाबून परत एकजीव करतात, त्यामुळं आतले कार्बाइडचे (व्हॅनेडियमसारखा धातू आणि कार्बन मिळून झालेले, लई कडक) कण बारीक आणि सगळीकडं सारखे. तेच कण धार टिकवतात, आणि तेच धार लावू देत नाहीत.

कारण धार गेल्यावर दुकानातलाच पांढरा दगड घेऊन अर्धा तास घासलं तरी कागद कापायचा सोडून फाटायलाय. तो दगड अॅल्युमिनियम ऑक्साइडचा, व्हॅनेडियम कार्बाइड त्याच्यापेक्षा कडक, मग दगड काय डोंबल करणार. खानापूरकडं ओळखीचा लोहार हाय, ट्रकच्या पाट्याचे कोयते करतो, त्याच्याकडं नेला. त्यानं अंगठा फिरवला, साणेला जरा टेकवला आणि थांबलाच. "ठिणग्याच उडंनात की ओ सावकार, ह्याला पाणी कुणी दिलंय?" म्हणून चाकू परत हातात. शेवटी डायमंड प्लेट (हिऱ्याची पूड बसवलेली धार लावायची पट्टी) मागवली तेव्हा कुठं काम झालं.

स्वयंपाकघरात मात्र सपशेल नापास. पातं तीन मिलिमीटर जाड, टोमॅटो आधी दबतोय मग फुटतोय, गाजर तर लाकडासारखं तडकतं. स्टील किती का भारी असंना, पातं पातळ नसलं तर काय उपयोग. "एवढं पैशे घालून आणलासा आन टोमॅटो कापंना व्हय?" हे रोज ऐकायचं. त्यात घरातल्या कुणीतरी (नाव घेतलं तर भांडण) ह्यानं करवंटी फोडली, धारेचा ज्वारीच्या दाण्याएवढा टवका गेला. लोहाराच्या कोयत्याची धार वाकली असती फार तर, दगडावर दोन हात मारले की सरळ.

तर खोकी-पॅकिंगचं काम असंल, चाकू एकाच्याच हातात राहणार असंल आणि डायमंड प्लेटचे पैसे वेगळे काढणार असाल तर बिनधास्त घ्या. घरात सगळेच उचलतात, सिंकमध्ये टाकतात, तिथं शंभर-दीडशेची सुरीच बरी, कपाच्या बुडावर घासली की परत कामाला.

आमचा आता गल्ल्यात, कुलपात असतो, टवका तसाच हाय. डायमंड प्लेट घरी राहिली, मिसेस तिच्यावर विळी घासतात, म्हणतात हे एक बरं आणलासा.