अंताल्या की इझमिर? आधी सुट्टी कधीची आहे ते सांगा

तुर्कीत समुद्राकाठी आठवडाभर राहायचंय, इस्तंबूलला दोन दिवस द्यायचं ठरलंय आणि आता गाडी अडलीये ती अंताल्या की इझमिर यावर, तर रील्स बघत बसू नका, रीलमध्ये दोन्हीकडचं पाणी सारखंच निळं दिसतं. आधी बघा सुट्टी मे महिन्याची आहे की दिवाळीची. माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागतो.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल आणि समुद्रात डुंबायचं असेल तर सरळ अंताल्या. ते भूमध्य समुद्रावर आहे, ऑक्टोबर संपत आला तरी पाणी उबदार असतं, नोव्हेंबरच्या सुरुवातीलाही लोक पोहताना दिसतात. इझमिर एजियन समुद्रावर, तिथलं पाणी लवकर गार पडतं. मे मध्ये मात्र उलटं, पाणी दोन्हीकडे अजून गारच असतं, त्यामुळे भटकणं हाच मुख्य कार्यक्रम, आणि त्यासाठी इझमिर भारी. जुलै-ऑगस्टला अंताल्यात जाऊ नका असं मी स्पष्टच सांगेन, पारा चाळिशीला टेकतो आणि वर दमट हवा, म्हणजे मुंबईच्या मे सारखाच उकाडा पैसे देऊन विकत घ्यायचा. इझमिरलाही तेव्हा ऊन कडकच, पण दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, त्याला तिकडे इंबात म्हणतात.

मे वाल्यांनी अजून एक बघायचं, कुर्बान बायराम म्हणजे आपल्याकडची बकरी ईद सध्या मे मध्येच येतेय (2026 ला 27 मेच्या आसपास) आणि तेव्हा अख्खी तुर्की गावाला नाहीतर समुद्रावर निघते, बस फुल, हॉटेलं महाग. तो आठवडा टाळलेला बरा.

आता अंताल्या. इथे सगळ्यात मोठा घोळ हॉटेलच्या पत्त्याचा. अंताल्या हे शहराचं नाव आहे तसंच अख्ख्या प्रांताचंही, त्यामुळे बुकिंग साइटवर अंताल्या लिहिलेलं स्वस्त हॉटेल प्रत्यक्षात अलान्याला निघू शकतं, जे शहरापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर, म्हणजे विमानतळावरून गाडीने दोनेक तास. बेलेक, केमेर, सिदे ही पण अशीच लांबलांबची गावं. मॅपवर टाकून बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

शहरात राहायचं तर तीन पर्याय. कालेइची हा जुना भाग, गल्ल्याबोळ, हेड्रियनचा दरवाजा, खाली जुनं बंदर, दिसायला सगळ्यात देखणा, पण दगडी फरसबंदी आणि चढउतार, त्यामुळे गुडघेदुखीवाली आई आणि चाकांच्या दोन मोठ्या बॅगा असतील तर विचार करा. कोन्याअल्टीचा किनारा लांबच लांब आणि मागे डोंगर, पण वाळू नाही, गोटे आहेत, पाण्यात घालायचे रबरी बूट न्या. वाळू हवी असेल, पोरं लहान असतील तर लारा. लाराला ती मोठी ऑल-इन्क्लुझिव्ह हॉटेलं आहेत, खाणंपिणं सगळं पॅकेजमध्ये, आणि गंमत अशी की एकदा एवढे पैसे भरले की माणूस बाहेर पडतच नाही, दुपारचं जेवण बुडेल म्हणून आस्पेंडोस राहून जातं. आस्पेंडोस मात्र चुकवू नका, दुसऱ्या शतकातलं रोमन थिएटर इतकं शाबूत की आजही तिथे ऑपेरा होतात. पेर्गेच्या प्राचीन अवशेषांकडे तर ट्रामने अक्सूपर्यंत जाऊन पुढे चालतही जाता येतं. तीच ट्राम विमानतळालाही जाते.

इझमिर वेगळ्या जातीचं. सुंदर-बिंदर म्हणत कोणी पहिल्याच दिवशी प्रेमात पडेल असं ते शहर नाही, सिमेंटच्या इमारती भरपूर, आणि खाडीत कोणी पोहत नाही हे आधीच सांगतो, बीचसाठी चेश्मे-आलाचातीकडे 80-85 किलोमीटर जावं लागतं. पण संध्याकाळी कोर्दोनवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, आख्खं शहर फिरायला येतं, कोनाक भागातून खाडीपलीकडच्या कार्शियाकाची फेरी बोट पकडायची, केमेराल्टीच्या बाजारात हरवायचं, सकाळी बोयोझ नावाची खुसखुशीत पेस्ट्री आणि उकडलेलं अंडं, याची सवय लागते. लोकही जरा मोकळेढाकळे.

आणि एफेसस, ते प्राचीन ग्रीक-रोमन शहर! खरं तर निम्मे लोक इझमिरला त्यासाठीच जातात. टॅक्सी-टूरची गरज नाही, बस्माने स्टेशनवरून देनिझलीकडे जाणारी रेल्वे विमानतळालाही थांबते आणि सेल्चुक गावालाही, सेल्चुकहून एफेसस तीनेक किलोमीटर. वरच्या गेटने आत शिरा म्हणजे उतार उतरत सेल्ससच्या लायब्ररीपाशी येता, खालून सुरू केलं तर उन्हात चढ. सकाळी उघडताच जा, क्रूझवाल्यांचे लोंढे यायच्या आत. तिकीट युरोत लावलंय आणि 40 युरो माणशी हा आकडा चौघांच्या कुटुंबाला चटका देणारा आहे, बजेटमध्ये आधीच धरा. आर्टेमिसचं देऊळ, तेच सात आश्चर्यांतलं, तिथे आता एक खांब उभा आहे, तो फुकट बघायला मिळतो. पामुक्कले, म्हणजे ते गरम झऱ्यांचे पांढरेशुभ्र टप्पे, तेही याच रेल्वेने देनिझलीपर्यंत जाऊन होतं, अंताल्याहून मात्र रेल्वेच नाही, बस नाहीतर टूर.

शाकाहारींचा प्रश्न येणारच. इथे इझमिर पुढे, एजियन भागात ऑलिव्ह तेलातल्या भाज्या, आर्टिचोक, रानभाज्या हे रोजचं जेवण आहे, आपल्या जिभेला फिकं लागेल एवढंच, लोणच्याची बाटली न्याच. अंताल्यात बुफे असेल तर पोट भरतं, बाहेर शोधावं लागतं, तिथला ताहिनी घातलेला पियाझ म्हणजे पांढऱ्या बीन्सचं सॅलड मस्त, अंडं नको असेल तर सांगून काढायला लावा. मसूर सूप दोन्हीकडे, पण हाडांचं पाणी आहे का ते विचारा. "एत्सिझ" म्हणजे बिनमांसाचं, हा शब्द पाठ करा.

व्हिसाचं दोन्हीला सारखंच. पासपोर्टवर अमेरिका, यूके, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर ई-व्हिसा, नसेल तर रीतसर अर्ज, तेव्हा विमान आधी बुक करू नका. मे 2025 च्या भारत-पाक संघर्षात तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतली तेव्हापासून तुर्कीला जावं की नाही यावर आपल्याकडे जे वाद चाललेत त्यात मी पडत नाही, फक्त फुकटात कॅन्सल होणारी हॉटेलं घ्या. इस्तंबूलला दोन विमानतळ आहेत आणि मधे अख्खं शहर, पुढचं विमान कुठून आहे ते तिकिटावर नीट वाचा.

दोन्ही करायचीच हौस असेल आणि हातात आठ-नऊ दिवस असतील तर इझमिरला उतरा, सेल्चुक, पामुक्कले करत बसने खाली या आणि अंताल्याहून परत उडा. सेल्चुकला एक रात्र मुक्काम केलात तर एफेसस सकाळीच होतं आणि संध्याकाळी शिरिंजे गावही पदरात पडतं.