रिक्वायर-जेएस: जुन्या प्रोजेक्टवर काही महिने वापरल्यानंतर

रिक्वायर-जेएस हा जावास्क्रिप्टच्या फाइली लागतील तशा ब्राउझरमध्ये आणणारा लोडर आहे; तो बसवला तो प्रोजेक्ट जुना आहे. जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी, तिचे ढीगभर प्लगइन, चार्टची एक लायब्ररी आणि पानाच्या तळाशी स्क्रिप्ट टॅगची लांबलचक रांग. त्या रांगेचा क्रम तसाच का, हे टीममध्ये कोणालाच सांगता येत नव्हतं. त्याला हात लावायचा नाही, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. सगळं नव्याने लिहायला वेळ नव्हता, म्हणून रिक्वायर-जेएस घेतलं. पान वेगाने उघडेल या आशेने कोणी घेणार असेल तर घेऊ नये. त्याचं मोल वेगळं आहे: कोणती फाइल कशावर अवलंबून आहे, हे प्रत्येक फाइलच्या पहिल्याच ओळीत, डिफाइन या फंक्शनला दिलेल्या यादीत, लिहावं लागतं. ही माहिती आधी फक्त टॅगच्या क्रमात दडलेली होती.

बेस-यूआरएल (फाइली जिथून शोधायच्या तो मूळ पत्ता) आणि पाथ्स (कोणत्या नावाची फाइल कुठे आहे याची यादी) या सेटिंग पटकन जमतात. पाथ्समध्ये शेवटी डॉट-जेएस लिहायचं नाही, ते लोडर जोडतो. मॉड्यूलच्या नावात, म्हणजे कोडमध्ये ज्या नावाने फाइल मागतो त्यात, व्हर्जन घालू नका. व्हर्जन फक्त पाथ्समधल्या फाइलच्या नावात असू द्या, म्हणजे लायब्ररी बदलताना एकच ओळ बदलते. जेक्वेरीकडे मात्र नीट लक्ष द्यावं लागतं. १.७ पासून ती स्वतःची नोंद ठरलेल्या नावाने करते: नुसतं 'जेक्वेरी', सगळी इंग्रजी अक्षरं लहान. तिला 'लिब/जेक्वेरी' म्हणून मागितलं, की नेटवर्क टॅबमध्ये फाइल व्यवस्थित आलेली दिसते, एररही येत नाही, आणि कॉलबॅकमध्ये (फाइली आल्यावर चालणाऱ्या आपल्या फंक्शनमध्ये) हातात पडतं अनडिफाइन्ड, म्हणजे काहीच नाही.

आमचा सर्वांत जास्त वेळ शिमवर गेला, आणि तो सत्कारणी लागला असं मी म्हणेन. २०१२ मधल्या २.० व्हर्जनमध्ये ही सोय आली. ज्या जुन्या लायब्ररीत डिफाइन नाही, तिच्या वतीने आपण सांगायचं: हिला आधी काय लागतं आणि ही कोणतं ग्लोबल नाव मागे ठेवते. प्रत्येक प्लगइन उघडून ही यादी केली, तेव्हा स्क्रिप्ट टॅगचा तो क्रम पहिल्यांदा कळला. फाइलमध्ये डिफाइन आधीच असेल तर शिम लावू नका.

शिमची खरी अडचण बिल्डमध्ये, म्हणजे सगळ्या फाइली जोडून एक बंडल केलं की, येते. समजा जेक्वेरी सीडीएनवरून (बाहेरच्या सार्वजनिक सर्व्हरवरून) घ्यायची आहे, म्हणून आर-जेएस या रिक्वायर-जेएसच्या बिल्ड साधनाला ती बंडलमधून वगळायला सांगितली. डेव्हलपमेंटमध्ये सगळं सुरळीत चालतं, कारण जेक्वेरी येईपर्यंत लोडर प्लगइनची फाइल मागवतच नाही. बिल्डमध्ये मात्र शिमवाला प्लगइन बंडलच्या आतच असतो. बंडल चालू झालं की तोही लगेच चालतो, जेक्वेरी अजून वाटेतच असते, आणि 'जेक्वेरी इज नॉट डिफाइन्ड' समोर येतं. रॅप-शिम नावाचा पर्याय आहे, पण त्याने फाइल एका फंक्शनमध्ये गुंडाळली जाते आणि सर्वांत बाहेरच्या व्हेरिएबलवर ग्लोबल म्हणून विसंबलेली लायब्ररी मोडते. आम्ही जेक्वेरीच बंडलमध्ये घेतली. शिम वापरायचं असेल तर सीडीएनचा मोह सोडा, हे माझं ठाम मत आहे.

'मिसमॅच्ड अनॉनिमस डिफाइन' ही एरर नव्या माणसाला घाबरवते, कारण ती आपल्या फाइलबद्दल बोलते आहे असं वाटतं. बहुतेकदा दोष बाहेरच्या एखाद्या विजेटचा असतो: ते रिक्वायर-जेएसनंतर साध्या स्क्रिप्ट टॅगने येतं, डिफाइन दिसताच ते त्याला निनावी, म्हणजे मॉड्यूलचं नाव न देता, हाक मारतं, आणि ती हाक कोणत्या मॉड्यूलची हे लोडरला समजत नाही. त्याचा टॅग रिक्वायर-जेएसच्या आधी ठेवा किंवा ते लोडरमार्फतच मागवा.

मॅप या सेटिंगचं कौतुक कमी ऐकू येतं, पण ती सोन्यासारखी आहे. जुन्या रिपोर्टना चार्टचं जुनं व्हर्जन आणि बाकी सगळ्यांना नवं, हे मॅपमध्ये दोन ओळींत झालं; रिपोर्टच्या कोडला हात लावावा लागला नाही. अट एवढीच, की ती लायब्ररी स्वतः निनावी डिफाइन वापरणारी हवी.

फाइलची किती सेकंद वाट पाहायची हे सांगणारं वेट-सेकंड्स मुळात ७ असतं. संथ नेटवर्कवर तेवढं पुरत नाही, वाढवून टाका. एनपीएम या पॅकेज उतरवणाऱ्या साधनाशी मात्र रिक्वायर-जेएसचं फारसं जमत नाही. पॅकेज उतरवलं तरी त्यातली ब्राउझरमध्ये चालणारी फाइल शोधून तिचा मार्ग पाथ्समध्ये हाताने लिहावा लागतो, आणि फक्त कॉमन-जेएसमध्ये, म्हणजे नोडच्या मॉड्यूल पद्धतीत, लिहिलेलं पॅकेज तसंच्या तसं चालत नाही. दर अपग्रेडला हे काम पुन्हा तपासावं लागतं. रिक्वायर-जेएसचं व्हर्जन २.३.६ असेल तर २.३.७ घ्या, प्रोटोटाइप पोल्यूशनची (बाहेरून आलेला डेटा सगळ्या ऑब्जेक्टचे मूळ गुण बदलू शकतो अशी) सुरक्षेची त्रुटी त्यात दुरुस्त झाली आहे.

नवा प्रोजेक्ट असेल तर मी हे सुचवणार नाही. ब्राउझरला आता जावास्क्रिप्टचं स्वतःचं इम्पोर्ट समजतं, आणि २०२३ पासून इम्पोर्ट मॅप्सही (नावावरून फाइलचा पत्ता सांगणारी यादी) सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये आहेत. आमच्या नव्या स्क्रीन तशाच लिहितो आहोत. जुनी मॉड्यूल एकेक करून हलवताना काम सोपं जातं, कारण काय इम्पोर्ट करायचं ते डिफाइनच्या यादीत आधीच लिहिलेलं असतं. शिमवाले प्लगइन मात्र सर्वांत शेवटी काढणार आहोत.