२०० चिप्सचा पोकर संच: लिमिट लावली की अर्धी पेटी बसून

पोळा जवळ आला की अॅल्युमिनियमच्या पेटीतल्या या पोकर संचाची चौकशी सुरू होते. चिप्स म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या. पेटीत ५० पांढऱ्या, ५० लाल, ५० निळ्या, २५ हिरव्या आणि २५ काळ्या चिप्स, पत्त्यांचे दोन कॅट आणि डीलरची (पत्ते वाटणाऱ्याची) चकती असते. चिप ११.५ ग्रॅमची, आत लोखंडी चकती आणि वर प्लॅस्टिक. वजन छान लागते, रचल्यावर ढीग सरकत नाही. खरी अडचण हिशेबात आहे.

छापील आकडे १, ५, १०, २५, १०० असे. सहा जण बसले आणि बोलीला लिमिट (एका वेळी जास्तीत जास्त किती लावायचे ते) नसली तर प्रत्येकी ८ पांढऱ्या, ८ लाल, ८ निळ्या, ४ हिरव्या द्या. २२८ होतात, म्हणजे १-२ च्या ब्लाइंडला (पत्ते बघण्याआधी दोघांनी लावायच्याच रकमेला) भरपूर. काळ्या पेटीत राखीव. इथे संच चोख चालतो.

पण एका बोलीला ५ ची लिमिट लावा. दहाची चिप टाकली की सुटे मागावे लागतात, म्हणून निळ्या, हिरव्या, काळ्या अशा १०० चिप्स पेटीतच राहतात. प्रत्येकाच्या हाती उरतात ४८ गुणांच्या चिप्स, त्यात एकाच्या सुट्या फक्त ८. आठ-दहा डावांत पांढऱ्या एकाच्या पुढे जमतात आणि मग खेळ कमी, मोड जास्त. लिमिटचा खेळ खेळायचा असेल तर आकडे नसलेला संच घ्या. निळीलाही १ च धरता येते आणि प्रत्येकी ५६ ची सोय होते.

ही ५ ची लिमिट हवेतली नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या ब्लॅक हॉक, सेंट्रल सिटी आणि क्रिपल क्रीक या तीन गावांत १९९१ पासून कायद्यानेच एका बोलीला ५ डॉलर होते. २००९ ला १०० झाले, २०२१ पासून ठरवायचे गावांच्या हाती आले. फ्लोरिडाने २००७ ला वेगळीच शक्कल लढवली: बोलीला लिमिट नाही, पण १०० डॉलरपेक्षा जास्त घेऊन बसायचे नाही. ती अटही २०१० ला गेली.

डाव यात पार बदलतो. मधे ४० जमले आणि समोरच्याने ५ लावले, तर ४५ साठी ५ मोजायचे, म्हणजे नवास एक. एका रंगाची चार पाने हाती असून शेवटचे पान यायचे असेल, तर न दिसलेल्या ४६ पानांत कामाची ९, साधारण चारास एक. अशी पाने असलेला डाव सोडून उठणारच नाही. लिमिटमध्ये बतावणी चालत नाही ती यामुळे. तीन पत्तीत चाल वाढवत समोरच्याला पळवायची सवय असलेल्यांना हे जड जाते.

आपल्याकडे मात्र अशी कुठली लिमिट नाही, कारण मुळात जुगाराला सूटच नाही. महाराष्ट्राच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला कलम १३ ची सवलत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हटले, तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा. कटपत्त्याला तर विचारूच नका. पारावर बसून चिप्सवर पैशाचा हिशेब ठेवला, तर ही पेटी जुगाराचे साहित्य म्हणून पंचनाम्यात जाते. रुपया लावला काय नि शंभर लावले काय, सारखेच. चिप्स फक्त गुणांसाठी वापरा.

आता बारीकसारीक. सोबतचे पत्ते कागदी. श्रावणातल्या ओलीने कडा फुगतात, पिसताना अडकतात आणि चारच दिवसांत एक्का पाठीवरून ओळखू येतो. प्लॅस्टिकचे घ्या, ६३ मिलिमीटर रुंदीचे. चिपवरचे स्टिकर भज्याच्या तेलाने सुटतात. ओल्या फडक्याने पुसा, बादलीत बुडवू नका. चिप्सच सव्वादोन किलोच्या वर जातात, त्यामुळे पेटी मुठीने उचलली की बिजागरीची खिळी निघते. खालून हात लावून उचला. आणि लाइन गेल्यावर मोबाइलच्या उजेडात निळी नि काळी एकच दिसते. घ्यायच्या आधी दोन्ही बाजूबाजूला ठेवून पाहा.