वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर युरोप: ग्रुप टूर बरी की स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट?

पोटाचा मोठा भाग काढून टाकणारी स्लीव्ह किंवा पोट लहान करून अन्नाची वाट वळवणारी बायपास शस्त्रक्रिया होऊन वर्ष उलटलं, वजन उतरलं, गुडघे हलके झाले, की घरात युरोपचा विषय निघतो. मग प्रश्न येतो तो असा: टूर मॅनेजर आणि रोजचं भारतीय जेवण असलेली मुंबई-पुण्याची ग्रुप टूर घ्यायची, की एकेका गावात तीन-चार रात्री छोटं स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट? प्रथिनं आधी, घास बारीक चावून, जेवताना पाणी नाही, हे नियम तुम्हाला पाठ असणार. प्रवासात ते कुठे पाळले जातात आणि कुठे मोडतात, ते पाहू.

आधी ग्रुप टूरची बाजू, कारण आमच्यासारख्यांमध्ये तिला उगाच नावं ठेवली जातात. हॉटेलचा सकाळचा नाश्ता हे युरोपातलं आपल्या कामाचं सर्वांत चांगलं जेवण. उकडलेली अंडी, साधं दही, चीज आणि चालत असेल तर हॅमचे किंवा टर्कीचे पातळ काप रोज समोर असतात. जर्मनी-ऑस्ट्रियात क्वार्क मिळतं, आपल्या चक्क्याचं भावंडच. बिनसायीच्या १०० ग्रॅम क्वार्कमध्ये साधारण १२ ग्रॅम प्रथिनं असतात. दोन अंडी आणि अर्धी वाटी क्वार्क, सावकाश खाल्लं तर दिवसाच्या ६० ते ८० ग्रॅमपैकी तिसरा हिस्सा नऊच्या आत पदरात पडतो. ताजा मऊ पाव मात्र पोटात गोळा होऊन बसतो. हवाच असेल तर टोस्टरमधून दोनदा काढलेला, कुरकुरीत तुकडा बरा उतरतो.

दुपार-रात्रीचं भारतीय जेवण दिलासा देणारं असलं तरी ताटाचा हिशेब जमत नाही. भात, नान, बटाट्याची भाजी, पाण्यासारखं वरण, क्रीम घातलेलं पनीर आणि शेवटी गुलाबजाम किंवा आइस्क्रीम. पनीरचे तुकडे ग्रेव्ही निथळून घ्यावेत, वरण तळाशी डाव घालून घट्ट तेवढं वाढून घ्यावं. तंदुरी चिकनच्या छातीचा कोरडा तुकडा हमखास अडकतो, त्यापेक्षा तंगडी ओलसर असते. हे एवढं सांभाळलं तर जेवणाचा दर्जा टूर नाकारण्याचं कारण ठरत नाही.

माझ्या मते कारण आहे घड्याळ. जेवणाला एक तास, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं असतं. बस लागते, चाळीस-पंचेचाळीस माणसं उतरतात, निम्मी आधी टॉयलेटकडे जातात, मग बुफेची रांग. ताट हातात येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेलेली असतात, आणि शेवटची दहा मिनिटं 'चला, बस लागली' यात जातात. बाकीच्यांना उरलेला वेळ पुष्कळ होतो. आपल्याला छोट्या वाटीभर जेवणालाही २५ ते ३० मिनिटं शांतपणे हवी असतात. सगळे उठायला लागले की घास आपोआप मोठे होतात आणि चावणं कमी होतं. मग छातीच्या मधोमध दाब येतो, तोंडात फेसाळ लाळ भरते आणि खाल्लेलं उलटून पडतं. एकदा असं झालं की उरलेला दिवस पातळावर काढावा लागतो, कारण सुजलेल्या भागातून घट्ट अन्न पुन्हा अडकतं. हे सगळं घडतं बसमध्ये, आल्प्सच्या वळणांवर. बायपासवाल्यांनी घाईत गोड खाल्लं असेल तर डम्पिंगचे (गोड झपाट्याने आतड्यात उतरल्याने होणाऱ्या त्रासाचे) घाम, धडधड आणि पोटातली कळ १० ते ३० मिनिटांत सुरू होते, म्हणजे पुन्हा बसमध्येच.

याच घड्याळामुळे पाणीही कमी पडतं. जेवणानंतर अर्धा तास थांबून मग घोट घोट प्यायचं, तर तोवर गाडी महामार्गावर असते. युरोपात चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती कायद्यानेच घ्यावी लागते, पण मधले थांबे टूरच्या सोयीचे असतात. महामार्गावरच्या टॉयलेटला जर्मनीत बऱ्याच ठिकाणी एक युरो पडतो, त्यापेक्षा अडचण असते ती 'माझ्या एकट्यासाठी बस थांबवा' म्हणण्याच्या संकोचाची. माणूस पाणीच कमी पितो. दिवसाचे दीड लिटर तिथे बुडतात आणि संध्याकाळी चक्कर येते ती यामुळे. जेवण कमी पडल्याने येते असं अनेकांना वाटतं.

शिवाय टूरचं हॉटेल पुष्कळदा गावाबाहेर असतं आणि तिथे पोहोचायला रात्रीचे साडेआठ वाजतात. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या बाजूला, दुकानं आठला बंद होतात. स्वित्झर्लंडमध्ये तर बरीच दुकानं साडेसहा-सातलाच मिटतात. त्यामुळे 'लागेल ते वाटेत घेऊ' हा बेत कागदावरच राहतो.

अपार्टमेंटमध्ये हे घड्याळ तुमच्या हातात येतं. स्वित्झर्लंडमध्ये मिग्रो किंवा कोऑप, जर्मनीत रेवे, आल्डी, लिडल, या सुपरमार्केटांपैकी एक चालत जाण्याच्या अंतरावर असलं की निम्मं काम झालं. फ्रीजमध्ये हे असावं: अर्धा किलो क्वार्क किंवा स्कीर हे आइसलँडचं घट्ट दही (फळांचं नको, साधं), कॉटेज चीजचा २०० ग्रॅमचा डबा, अंडी. जर्मनीत उकडलेली, रंगवलेली अंडीही वर्षभर मिळतात. शाकाहाऱ्यांसाठी मसूर डाळ जवळपास प्रत्येक मोठ्या दुकानात असते, पाकिटावर 'रोटे लिन्झेन' लिहिलेलं. तिला कुकर लागत नाही. पाव वाटी डाळ धुऊन, चौपट पाण्यात, हळद-हिंग घालून १५ मिनिटं मंद आचेवर ठेवली की घट्ट वरण होतं. त्यात साधारण १० ग्रॅम प्रथिनं, सोबत १०० ग्रॅम कॉटेज चीजची १२. एका जेवणाला पोटाची जागा एवढीच असते आणि ती नीट भरली जाते.

दुपारसाठी डबा न्यावा. दोन अंडी किंवा पनीर-मसूर, छोटी बर्फाची पिशवी, चमचा. बाकावर बसून अर्धा तास खा, मग चाला, मग पाणी. दुकानात पाणी घेताना बाटली बघून घ्या. जर्मन भाषक भागात नुसतं 'वॉटर' मागितलं तर बुडबुड्यांचं मिळण्याची शक्यता जास्त, आणि तो वायू लहान झालेल्या पोटात नकोसा ताण देतो. बिनबुडबुड्यांच्या पाण्यासाठी 'श्टिल' म्हणावं, इटलीत 'नातुराले'. स्विस गावांतल्या कारंज्यांचं पाणी पाटी लावून मनाई केलेली नसेल तर पिण्याजोगं असतं.

अपार्टमेंटचे तोटेही खरे आहेत. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या बऱ्याच भागांत रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काय ती उघडी. म्हणून शनिवारीच रविवारची खरेदी करा. विमान सकाळी सातला उतरतं आणि खोली दुपारी तीनला मिळते, म्हणजे पहिल्या दिवसाचं खाणं हातातल्या पिशवीतच हवं: डाळ्याचं पीठ, भाजलेले चणे, प्रोटीन पावडरच्या सुट्या पुड्या. फ्रीजशेजारी स्विस चॉकलेट ठेवलं तर ते पोटातून अडथळ्याविना सरकतं आणि दिवसभर थोडं थोडं खाल्लं जातं. वजन परत चढवायला ते पुरेसं आहे, तेव्हा चॉकलेट शेवटच्या दिवशी विमानतळावर घ्यावं. आणि सहलीतही घरातल्या एकाच बाईने ओट्यापाशी उभं राहायचं असेल, तर हा पर्याय मी सुचवणार नाही. डाळ शिजवायला कुणालाही येते.

सामानाबद्दल एक नियम माहीत असू द्या. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवासी सामानातून नेता येत नाहीत, म्हणजे पनीर, पेढे, घरचं तूप बाद. वैद्यकीय कारणाने लागणाऱ्या खास खाद्याला २ किलोपर्यंत सवलत आहे. ते फ्रीजविना टिकणारं आणि कंपनीच्या सीलबंद पाकिटात असावं लागतं. सोबत सर्जनचं इंग्रजी पत्र ठेवा. वाटाण्याची किंवा सोयाची पावडर घेतली तर दुधाचा प्रश्नच येत नाही. गोळ्या हातातल्या बॅगेत, कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचं अंतर घड्याळ बदलल्यावरही पाळायचं. पाय दुखले म्हणून सहप्रवाशाने दिलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी, विशेषतः बायपासवाल्यांनी, घेऊ नये. पॅरासिटामॉल इथूनच न्या.

आई-वडील सोबत असतील, भाषेची धास्ती असेल किंवा बारा दिवसांत पाच देश बघायचे असतील, तर ग्रुप टूर चुकीची म्हणता येणार नाही. आजारी पडल्यावर टूर मॅनेजर शेजारी असणं ही मोठी गोष्ट आहे. पण शस्त्रक्रियेला दोन वर्षं झाली नसतील आणि निवड तुमच्या हातात असेल, तर मी अपार्टमेंटच सांगेन. कमी गावं बघाल, पण जेवण पोटात राहील. पहिल्या काही महिन्यांत मात्र दोन्ही नको. तारीख सर्जनला विचारून ठरवा.

टूरचे पैसे भरून झाले असतील तर निघण्यापूर्वी कंपनीला लेखी कळवा: जेवणाला सगळ्यांच्या आधी वाढून घेण्याची मुभा, खोलीत चालू फ्रीज, आणि जिथे नाश्त्याआधी निघायचं आहे तिथे दोन उकडलेली अंडी बांधून. युरोपात हॉटेलच्या खोलीत किटली असेलच असं नाही, छोटी घरून न्या. बसमध्ये मधल्या दाराजवळची जागा मागून घ्या. तिथून आधी उतरता येतं, रांगेत पुढे लागता येतं आणि जेवायला दहा मिनिटं जास्त मिळतात.