रस्ता का बसतो ते एकदाचं कळलं, ४ स्टार

पुण्यात मांजरीला आमच्या सोसायटीचा आतला रस्ता बी विंगच्या वळणावर दर पावसाळ्यात बसतो, तीन वर्षं कॉन्ट्रॅक्टर यायचा, डांबर ओतून रोलर फिरवून जायचा आणि गणपतीपर्यंत परत तोच खळगा. शेवटी कमिटीतल्या काकांनी हट्टाने जमिनीचा सर्व्हे करणाऱ्यांना बोलावलं. सप्टेंबर २०२४ मध्ये बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ट्रक जमिनीत गेला ना, तेव्हापासून काकांनी धसकाच घेतलाय.

दोन पोरं आणि एक मॅडम. वेळ अकराची, उगवले एकला, असो. आधी बाबागाडीसारखं जीपीआर, म्हणजे जमिनीखालचं बघणारं रडार, ढकलत फिरले, ते जमिनीत रेडिओ लहरी सोडतं आणि परत येणाऱ्या लहरींवरून थर, पाइप, पोकळी कळते. मला वाटलं झालं, आता बिल हातात ठेवणार. पण मॅडम सरळ बोलल्या, खाली ओली काळी माती आहे, ती लहरी गिळते, खोलचं यात काही दिसत नाहीये, यावर भरवसा ठेवू नका. आवडलं बुवा, स्वतःच्याच मशीनबद्दल असं कोण बोलतं!

मग कडेच्या मातीत चार लोखंडी खुंट्या ठोकल्या, बुडाशी मिठाचं पाणी ओतलं, बाहेरच्या दोनमधून करंट सोडायचा आणि आतल्या दोनवर व्होल्टेज मोजायचं. ओल्या चिकणमातीतून करंट आरामात जातो, कोरडा मुरूम नि काळा पाषाण अडवतो, आणि खुंट्यांमधलं अंतर वाढवत नेलं की अजून खालचं कळतं. करंटला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा वळणापाशी १० ओहम-मीटरच्याही खाली, म्हणजे ओली चिकणमाती, आणि वीस पावलं पलीकडे शंभराच्या वर!

या आकड्यांवरून काढलेल्या नुसत्या चित्रावर जाऊ नका, एक खड्डा घेऊन बघा, हेही त्यांनीच सांगितलं. खणला तर मुरूम जेमतेम वीतभर, खाली लोण्यासारखी काळी माती आणि शेजारी पावसाळी लाइनच्या चेंबरचा सांधा उघडा, सगळं पाणी तिथेच मुरत होतं. ही माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात, वर डांबराचे किती का थर चढवा. आमच्या शेतकरी आजोबांनी एवढं फुकटात सांगितलं असतं म्हणा, पण नेमकं कुठे आणि किती खोल ते नसतं सांगता आलं.

एक स्टार कापला तो रिपोर्टसाठी. चाळीस पानं, सगळी इंग्रजीत, निळेलाल पट्टे, कामाची दोनच. आणि खड्डा खणायचा नि बुजवायचा खर्च कोटेशनमध्ये नसतो, आधीच विचारून घ्या.