बाळंतिणीला विचारायचे दहा प्रश्न: एडिंबरो प्रश्नावलीचे परीक्षण

बाळंतिणीच्या मनाची स्थिती जाणून घेण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली एडिंबरोच्या नावाने ओळखली जाते. जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सागोव्हस्की या तिघांनी ती स्कॉटलंडमध्ये तयार करून १९८७ साली प्रसिद्ध केली. तिचे मूळ नाव आणि कर्त्यांचा उल्लेख कायम ठेवला, तर तिच्या प्रती काढण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. एका पानावर दहा प्रश्न असतात, प्रत्येकाला चार पर्यायी उत्तरे असतात आणि मागच्या सात दिवसांत कसे वाटले एवढेच विचारलेले असते. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण मिळतात, म्हणजे एकूण गुण जास्तीत जास्त ३०. लसीकरणासाठी येणाऱ्या मातांबरोबर मी तिची मराठी प्रत वापरते आणि एक साधन म्हणून ती कितपत उपयोगी पडते, हे येथे मांडत आहे.

या प्रश्नावलीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिने काय विचारायचे टाळले आहे. नैराश्याच्या सर्वसाधारण प्रश्नावल्यांमध्ये झोप, थकवा आणि भूक यांवर गुण असतात. पण ज्या बाईला बाळ रात्रीतून चार वेळा उठवते, जिचे टाके अजून ओले आहेत आणि जिच्यापुढे घरातले लोक तिला भूक असो वा नसो हळिवाची खीर ठेवतात, तिच्याकडून या प्रश्नांची उत्तरे घेऊन नैराश्याविषयी काहीच कळत नाही. एडिंबरोमध्ये झोपेचा उल्लेख एकदाच येतो आणि तोही ‘मन इतके दुःखी असते का की झोप लागणे कठीण जाते’ अशा अर्थाने. बाळ शांत झोपलेले असतानाही जी आढ्याकडे पाहत जागी राहते, ती येथे नेमकी वेगळी दिसते.

प्रश्नांचा क्रमही विचारपूर्वक लावलेला आहे. सुरुवात हसण्यापासून होते: गमतीच्या गोष्टींवर हसू येते का, पुढच्या दिवसांची वाट पाहावीशी वाटते का. ‘तुम्हाला मानसिक त्रास आहे का’ असे विचारल्यावर जी बाई ‘छे, मला कुठे काय झालंय’ म्हणून उठून जाईल, तीच या दोन प्रश्नांची उत्तरे सहज देते. तिसरा प्रश्न स्वतःला विनाकारण दोष देण्याविषयी आहे आणि माझ्या अनुभवात बायका सर्वाधिक वेळ येथेच थांबतात. दूध कमी येते, सिझर करावे लागले, पुन्हा मुलगीच झाली, बाळाचे वजन भरत नाही, या सगळ्यांचा दोष घरात कोणी उघडपणे दिला नाही तरी बाळंतीण तो स्वतःच्या माथी घेते. त्यापुढे काळजी आणि अकारण भीती यांविषयी विचारले जाते, कारण बाळंतपणानंतरचे नैराश्य कित्येकदा रडण्याऐवजी धास्तीच्या रूपाने समोर येते.

कागद कितीही चांगला असला तरी तो कोणासमोर भरला जातो यावर सारे अवलंबून असते. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना मिळणारी उत्तरे आणि त्या बाळाला वजनकाट्याकडे घेऊन गेल्यावर मिळणारी उत्तरे यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो, आणि आईजवळ माहेरी असलेल्या मुलींच्या बाबतीतही हे बऱ्याच अंशी खरे आहे. वाचता न येणाऱ्या बाईला प्रश्न तोंडी विचारावेत, मात्र चारही पर्याय वाचून दाखवावेत. ‘बरं आहे ना सगळं?’ असा गोषवारा केला की ‘हो’ हेच उत्तर येते.

वेळही जपावी लागते. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होणारा रडवेपणा बहुतेकींमध्ये दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यातील गुणांवरून निष्कर्ष काढू नये. दवाखान्यात प्रसूती झाल्यास आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. या भेटी मुख्यतः नवजात बाळासाठी आखलेल्या आहेत, तरीही ४२ व्या दिवसाची भेट आणि दीड महिन्याची लस हे दोन प्रसंग या कागदासाठी अगदी योग्य आहेत, कारण त्यासाठी बाळंतिणीला वेगळी फेरी मारावी लागत नाही.

मूळ अभ्यास ८४ मातांवर झाला होता. सर्वसाधारणपणे १३ किंवा अधिक गुण आल्यास नैराश्याची दाट शक्यता मानतात, तर १० ते १२ गुण आल्यास दोन आठवड्यांनी पुन्हा विचारतात. हे निदान नव्हे. निदान डॉक्टरांनी प्रत्यक्ष बोलूनच करायचे असते. दहावा प्रश्न मात्र बेरजेच्या बाहेरचा समजावा. स्वतःला इजा करण्याचा विचार मनात येतो का, या प्रश्नाचे उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही असेल, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्या बाईला त्याच दिवशी कोणाच्या तरी हवाली केल्याशिवाय घरी पाठवू नये. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसल्यास १४४१६ या टेलि-मानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.

आता उणिवा. पहिली उणीव मला सर्वांत गंभीर वाटते: या प्रश्नावलीला दुःख आणि धास्ती ऐकू येते, पण प्रसूतीच्या खोलीत बसलेला धक्का ऐकू येत नाही. कळा देताना जिच्यावर कोणी ओरडले, न सांगता जिच्या पोटावर दाब दिला गेला, रक्तस्राव होत असताना जिला आपण आता जगत नाही असे वाटले, अशा बाईचे गुण सहा-सातच येऊ शकतात. ती बाळाशी खेळते आणि हसतेही, मात्र त्या इमारतीच्या रस्त्याने जात नाही, तो प्रसंग स्वप्नात पुन्हा पाहते आणि दुसऱ्या मुलाचा विषय निघाला की तिचे हातपाय गार पडतात. सन्मानपूर्वक प्रसूतीसेवा आणि सोबतीला आपले माणूस असावे हा आग्रह सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ उपक्रमातही आहे. पण जिथे तो पाळला गेला नाही तिथल्या बाईचे काय, हे या दहा प्रश्नांतून समजणार नाही. त्यासाठी २०१८ साली प्रसिद्ध झालेली २९ प्रश्नांची ‘सिटी’ प्रसूती आघात श्रेणी आहे, पण गर्दीच्या लसीकरण सत्रात ती भरून घेणे अवघड आहे. म्हणून मी शेवटी गुणांत न धरता एक प्रश्न विचारते: बाळंतपणातला एखादा प्रसंग नको असताना पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो का? उत्तर ‘हो’ असेल आणि प्रसूतीला महिना उलटून गेला असेल, तर डॉक्टरांकडे पाठवायला हे एकच कारण पुरेसे आहे.

दुसरी उणीव घराविषयीची आहे. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात नोंदवलेल्या २७० गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले आणि त्यामागे गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणे या गोष्टी ठळकपणे दिसल्या. प्रश्नावलीत यांपैकी एकही गोष्ट विचारलेली नाही, त्यामुळे जास्त गुण आल्यावर मारहाणीविषयी वेगळे आणि एकांतात विचारणे भाग आहे. त्याच अभ्यासात नैराश्य आलेल्या मातांपैकी ७८ टक्के जणींना गरोदरपणातच लक्षणीय मानसिक त्रास होता. हाच कागद गरोदरपणीही वापरता येतो, आणि सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीत तो न देणे म्हणजे हातचा वेळ घालवणे आहे.

तरीही प्रसूतिगृहांनी, अंगणवाड्यांनी आणि आशाताईंनी ही प्रश्नावली वापरावी असेच मी म्हणेन, फक्त जास्त गुण आलेल्या बाईला कोणाकडे पाठवायचे हे आधी ठरवून ठेवावे. कागद हातात देण्यापूर्वी आणखी एक गोष्ट सांगावी, कारण ‘खरे सांगितले तर बाळ काढून घेतील’ या भीतीने कित्येक जणी खोटी उत्तरे लिहितात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, दाखल होऊन उपचार घेणाऱ्या आईपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करता येत नाही. आईकडून बाळाला धोका आहे असे डॉक्टरांना वाटले, तरच तात्पुरता अपवाद होतो आणि त्याचाही दर १५ दिवसांनी फेरविचार करावा लागतो. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तर आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा स्वतंत्र कक्षच आहे.