एक्झिक्युटिव्ह डिसिजन (१९९६): हायजॅक झालेल्या विमानात आवाज न करता केलेली अ‍ॅक्शन

विमान हायजॅकचा पिक्चर म्हटलं की काय असणार ते आपल्याला पाठ असतं, एक हिरो चुकून त्या विमानात असतो, टॉयलेटमध्ये लपतो, एकेकाला गाठून बडवतो आणि शेवटच्याला दारातून बाहेर ढकलताना एक डायलॉग मारतो. याचं पोस्टर बघून तर खात्रीच पटते कारण कर्ट रसेलच्या जोडीला स्टीव्हन सीगल आहे, आणि सीगल आहे म्हणजे हाडं मोडणार, विषय संपला. पण हा पिक्चर तसा नाहीये. जवळजवळ अख्ख्या पिक्चरभर चांगली माणसं मारामारी न करता दबकून बसलेली असतात आणि तरी आपली बोटं खुर्चीच्या हातात रुतलेली राहतात, मला हा आवडायचं मुख्य कारण तेच.

(पुढे सगळे स्पॉयलर आहेत. तीस वर्षं होत आली पिक्चरला, आता काय लपवायचं.)

गोष्ट थोडक्यात. अथेन्सहून वॉशिंग्टनला निघालेलं ओशनिक एअरलाइन्सचं बोइंग ७४७, चारशेच्या वर माणसं, नागी हसन नावाचा अतिरेकी ते ताब्यात घेतो आणि म्हणतो आमच्या पकडलेल्या नेत्याला सोडा. डेव्हिड ग्रँट हा अमेरिकन गुप्तचर खात्याचा विश्लेषक, म्हणजे फायली वाचणारा माणूस. तो म्हणतो नेत्याची मागणी हे नुसतं नाटक आहे, विमानात डीझेड-५ नावाचा नर्व्ह गॅस आहे आणि तो अमेरिकेच्या डोक्यावर फोडायचा प्लॅन आहे. म्हणजे उतरू द्यावं तर लाखो माणसं जाणार आणि समुद्रावरच पाडावं तर ही चारशे.

आता खऱ्या आयुष्यात कमांडो हायजॅक झालेल्या विमानात शिरतात ते विमान जमिनीवर उभं असताना. १९७७ ला मोगादिशूला जर्मनांनी तेच केलं, डिसेंबर १९९४ ला मार्सेलला फ्रेंचांनी तेच केलं, शिड्या दाराला लावल्या आणि घुसले. त्या फ्रेंच केसमध्येही संशय असाच होता की अतिरेक्यांना विमान पॅरिसवर नेऊन आदळायचंय, त्यामुळे ग्रँटचा अंदाज तेव्हासुद्धा अगदीच हवेतला नव्हता. पण इथलं विमान कुठे उतरतच नाहीये. मग हवेतच चढायचं.

त्यासाठी पिक्चरने काढलंय रेमोरा. एफ-११७ स्टेल्थ विमानाच्या अंगावर बांधलेलं यंत्र, शार्कच्या पोटाला चिकटून फिरणारा रेमोरा मासा असतो त्याचं नाव दिलंय. हे खालून येऊन ७४७ च्या पोटाला चिकटतं, मध्ये एक नळी वर येते आणि त्या नळीतून माणसं चढून वरच्या हॅचमधून आत जातात. शक्य आहे का? नाही हो. हवेत इंधन भरतानासुद्धा दोन विमानं मध्ये लांबलचक नळी ठेवून अंतर राखतात, अंगाला अंग लावत नाहीत, आणि एवढ्या मोठ्या विमानाच्या पोटाखालची हवा सरळ वाहणारी नसते. पण पिक्चर हे इतकं गंभीरपणे, स्टेप बाय स्टेप दाखवतो की आपण वाद घालायचं सोडून देतो.

आणि इथेच तो प्रकार होतो. वर हवा खराब होते, नळी फाटायला लागते, काही माणसं वर गेलीत काही खाली, आणि हॅच बंद केलं नाही तर सगळंच जाणार. कर्नल ट्रॅव्हिस म्हणजे आपला सीगल खालून हॅच बंद करून घेतो आणि गेला. संपला. पोस्टरवरचा माणूस, ज्याच्यासाठी अर्ध्या लोकांनी तिकीट काढलं असेल, तो पहिल्या तासातच आकाशात उडून जातो. त्या काळी थिएटरात काय झालं असेल याची कल्पना करा, लोक शेवटपर्यंत वाट बघत बसले असतील की येईल परत कुठूनतरी चाकाला लटकून. येत नाही. हिशोब साफ आहे, सीगल जिवंत असता तर वर जाऊन सगळ्यांना लोळवलं असतं, पिक्चर वीस मिनिटांत खलास. तो गेला आणि आता वर आहेत उरलेले चार कमांडो, त्यातल्या एकाची मान गेलेली, शिवाय पार्टीतून थेट उचलून आणल्यामुळे टक्सिडोमध्ये असलेला ग्रँट आणि रेमोरा बनवणारा इंजिनीअर, ज्याला मुळात वर यायचंच नव्हतं. बाहेरच्या जगाशी संपर्क नाही. पेंटॅगॉनला वाटतंय सगळे मेले.

यापुढचा तासभर म्हणजे या पिक्चरचा खरा माल.

७४७ हे विमान म्हणजे मजले असलेली इमारतच. कॉकपिट वरच्या मजल्यावर, प्रवासी मधल्या, त्यांच्या पायाखाली सामान आणि इलेक्ट्रॉनिक्सची खोली. कमांडो या खालच्या भागात आणि छताच्या वरच्या पोकळीत सरपटत फिरतात, बारीक भोकं पाडून त्यातून कॅमेऱ्याची वायर सरकवतात आणि खालीवर चाललेलं बघत बसतात, कोण कुठे उभाय, कुणाच्या हातात काय आहे. वर अतिरेक्याचे बूट आणि सहा इंच खाली यांची तोंडं. ड्रिलचा आवाज जरा वाढला की कुणीतरी हात वर करतो आणि सगळे थिजतात. म्युझिक जेरी गोल्डस्मिथचं आहे पण चांगली गोष्ट ही की अशा जागी ते सारखं ढणढणत नाही. डायरेक्टर स्टुअर्ट बेअर्ड मूळचा एडिटर, डायरेक्शन पहिल्यांदाच करत होता, आणि ते इथे दिसतं, वर-खाली-कॉकपिट-पेंटॅगॉन असे कट मारतो पण आपण कुठे आहोत हे एकदाही विसरायला होत नाही. हल्लीच्या अ‍ॅक्शनमध्ये कॅमेरा इतका हलतो की कोण कुणाला मारतोय ते कळायला दुसऱ्यांदा बघावं लागतं.

माझा सगळ्यात आवडता भाग मात्र बॉम्बवाला. कॅपी (जो मॉर्टन) हा टीमचा बॉम्ब निकामी करणारा माणूस आणि त्याचीच मान चढताना जायबंदी झालीये, मानेखाली काही हलत नाही. म्हणजे ज्याला कळतं त्याचे हात चालत नाहीत. मग हात कुणाचे, तर त्या घाबरलेल्या इंजिनीअरचे, काहिल त्याचं नाव, ऑलिव्हर प्लॅटने केलाय. कॅपी फळीवर बांधलेला, बाजूला पडून सांगतोय आणि हा घामाने निथळत झाकण काढतोय. लाल वायर की निळी वायर हे आपण इतक्यांदा बघितलंय की कंटाळा येतो, पण इथे टेन्शन वायरचं नाहीच, दोन माणसांत मध्ये फक्त शब्द आहेत आणि एक शब्द चुकीचा समजला की संपलं. काहिल चिडतो, बडबडतो, जोक मारायचा प्रयत्न करतो, कॅपी आवाज चढवत नाही. शेवटी कळतं की नुसतं एवढं निकामी करून भागत नाही, ट्रिगर प्रवाशांतच बसलेल्या एका माणसाकडे आहे आणि तो कोण हे हसनच्या बाकीच्या पोरांनाही माहीत नाही.

तो शोधायला मदत करते एअर होस्टेस जीन, म्हणजे हॅली बेरी. खालच्या मजल्यावरून जेवण वर न्यायची लिफ्ट असते तिथून ग्रँट तिला गाठतो. तिला डायलॉग फार नाहीत, पण ट्रे घेऊन रांगेतून जाताना चेहरा नॉर्मल ठेवायचा आणि डोळ्यांनी प्रत्येकाचे हात तपासायचे, हे ती फार छान करते. अख्ख्या विमानात सगळ्यात जास्त हिंमत तिला लागते कारण बाकीचे लपलेत, ती समोर उभी आहे.

हसन केलाय डेव्हिड सुशेने, हो तोच, पॉयरोवाला. मिशीवाल्या बेल्जियन डिटेक्टिव्हचा मागमूससुद्धा नाही. ओरडत नाही, हळू बोलतो, आणि नेत्याला खरंच सोडल्याची बातमी आल्यावरसुद्धा प्लॅन थांबवत नाही तेव्हा त्याचीच माणसं गोंधळतात. हा एक सीन सोडला तर अतिरेक्यांना लिहिलंय मात्र अगदी आळसाने, नव्वदच्या दशकातले हॉलिवूडचे साच्यातले अरब, धर्म पुढे केला की झालं, बाकी माणूस म्हणून काही नाही. आज बघताना ते खटकतं आणि खटकायलाच पाहिजे. सुशेसारखा नट हाताशी असताना तर जास्तच.

पेंटॅगॉनमधले सीन ठीकठाक, टेबलाभोवती सूट घातलेली माणसं. पण प्रश्न खोटा नाहीये. प्रवासी भरलेलं विमान सरकारने पाडावं का यावर २००१ नंतर खऱ्या देशांत कायदे झाले, जर्मनीने २००५ मध्ये तशी परवानगी देणारा कायदा केला आणि २००६ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तो रद्द केला, आतल्या निरपराध माणसांना सरकार असं वस्तूसारखं वापरू शकत नाही म्हणून. पिक्चर एवढ्या खोलात शिरत नाही. तो सरळ फायटर विमानं पाठवतो, आणि आतली टीम ७४७ च्या मागच्या लाइट उघडबंद करून मोर्स कोडमध्ये आम्ही जिवंत आहोत असं कळवते, तो सीन मात्र एक नंबर.

शेवटची पंधरा-वीस मिनिटं बिघडली. शेवटी गोळीबार, विमानाला भगदाड, पायलट मेलेले, आणि सुरुवातीला छोटं विमान शिकताना दाखवलेला ग्रँट ७४७ उतरवायला बसतो. हे येणार हे पहिल्या दहा मिनिटांतच कळलेलं असतं. जीन शेजारी बसून मॅन्युअल वाचतेय, मोठा एअरपोर्ट हुकतो आणि हा पठ्ठ्या जिथे शिकला त्या छोट्या धावपट्टीवर उभी असलेली छोटी विमानं चिरडत उतरवतो. दोन तास इतकं जपून, शांतपणे केलेल्या पिक्चरने असा गोंधळ का घालावा कळत नाही, बहुतेक कुणीतरी वरून सांगितलं असेल की शेवटी काहीतरी फुटलं पाहिजे.

लांबी २ तास १३ मिनिटं, त्यातली दहा मिनिटं आरामात कापता आली असती, विशेषतः तो सिनेटर, जो निवडणुकीत फायदा होईल म्हणून मध्यस्थी करायला निघतो. त्याचं पुढे काय होतं ते बघाच, आपल्याला वाईट वाटत नाही.

५ पैकी ३.५. बघायचा असेल तर हेडफोन लावून बघा, कुजबुज बरीच आहे आणि मोबाइलच्या स्पीकरवर ती अजिबात कळत नाही. आणि ओशनिक एअरलाइन्स हे नाव ओळखीचं वाटलं तर बरोबर आहे, लॉस्ट सिरीजमधलं बेटावर पडलेलं विमान याच नावाच्या कंपनीचं होतं. खरी अशी कंपनीच नाही, पण पडद्यावर तिच्या विमानांना धड पोचलेलं मी तरी बघितलेलं नाही.